रंगाची तक्रार आणि देवळाची तक्रार

सभामंडपात कोणत्या विषयावर बोलावे याचा काही दंडक नाही. पालखी आत गेली, तीर्थप्रसाद झाला, की महाजन मंडळी खांबांना टेकून बसतात आणि नारळाच्या भावापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सर्व प्रकरणांचा तेथे निकाल लागतो. 2025 सालच्या उन्हाळ्यात एका सोमवारी तेथे जो विषय निघाला तो मात्र आमच्या आजवरच्या अनुभवात नवीन होता. सुट्टीस आलेला एक मुलगा कोपऱ्यात बसून मांडीवरच्या संगणकावर व्हिडिओ गेम खेळत होता. पडद्यावर जपानी कौलांची छपरे, फुललेली चेरीची झाडे आणि त्यांतून चिलखत घालून चाललेला एक धिप्पाड काळा पुरुष. मुलाच्या आजोबांनी विचारले, "हो काळो मनीस कोण रे?" मुलगा म्हणाला, "यासुके, आबा. सामुराई."

एवढे पुरे झाले. मंडळींपैकी दोघा-तिघांना या खेळाविषयी भ्रमणध्वनीवरून बरेच काही कळलेले होते, आणि जे कळलेले होते ते सगळे संतापाचे होते. जपानच्या गोष्टीत हबशी नायक घुसवला. त्याच खेळात जपान्यांचे देऊळ फोडता येते. आज त्यांच्यावर वेळ आली, उद्या आमच्या रामायणात असेच होईल. म्हणून हिंदूंनी या प्रकरणी जपान्यांच्या बाजूने उभे राहावे, असा एकंदर सूर होता. आम्ही त्या वेळी दोन शब्द बोललो, पण घाईत जे बोलले जाते ते अर्धेच असते. उरलेले येथे लिहितो. ते त्या मंडळींस रुचणार नाही, आणि त्यांच्या विरोधकांस तर मुळीच रुचणार नाही.

प्रथम खेळ कोणता ते सांगितले पाहिजे, कारण आमचे पुष्कळ वाचक या जगापासून दूर आहेत. 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' हा खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातील क्वेबेक येथील शाखेने तयार केला आणि 20 मार्च 2025 रोजी तो बाजारात आला. काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा, जपानातील यादवीचा. खेळणाऱ्यास आळीपाळीने दोन पात्रे मिळतात. एक नाओए, ही कल्पित जपानी तरुणी, हेरविद्येत तरबेज. दुसरा यासुके, हा आफ्रिकी. मे 2024 मध्ये खेळाची घोषणा झाली त्या दिवसापासून या दुसऱ्या पात्रावरून वादळ उठले आणि ते खेळ प्रसिद्ध होईपर्यंत शमले नाही.

या वादळात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या. एक रंगाची, दुसरी देवळाची. आमचे म्हणणे असे की पहिली तक्रार खोटी आहे, दुसरी खरी आहे. आणि ज्यांनी त्या दोहोंची मोट बांधली त्यांनी खऱ्या तक्रारीचा घात केला.

रंगाच्या तक्रारीपासून आरंभ करू. यासुके हे कोणा लेखकाच्या डोक्यातून निघालेले पात्र नाही. जेझुइट संघाचा वरिष्ठ निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो 1579 साली जपानात उतरला तेव्हा त्याच्या परिवारात हा मनुष्य होता. 1581 साली तो क्योतो येथे ओदा नोबुनागापुढे उभा राहिला. नोबुनागा म्हणजे त्या वेळी निम्मा जपान ज्याच्या टाचेखाली आला होता असा सरदार. त्याचा या रंगावर विश्वासच बसेना. कमरेपर्यंतचे कपडे उतरवून त्याने त्याची पारख करविली. मग खात्री पटताच त्याने त्याला ठेवून घेतले, राहण्यास घर दिले, आखूड तलवार दिली, तनखा बांधून दिला. नोबुनागाच्या चरित्राच्या एका हस्तलिखितात ही नोंद आहे. मात्सुदाइरा इएतादा नावाच्या दुसऱ्या सरदाराच्या रोजनिशीत त्याची उंची सहा शाकू दोन सून, म्हणजे सुमारे सव्वासहा फूट, आणि रंग शाईसारखा असे लिहिले आहे. 1582 साली होन्नोजी येथे दगा होऊन नोबुनागाचा अंत झाला, तेव्हा यासुके पळाला नाही. तो नोबुनागाच्या पुत्राकडे गेला, तेथे लढला, आणि शेवटी त्याने तलवार खाली ठेवली. दगाबाज आकेचीने त्याला मारले नाही. हे जनावर आहे, यास काही कळत नाही, शिवाय हा जपानी नव्हे, असे म्हणून पाद्र्यांकडे धाडून दिले. पुढे त्याचे काय झाले याची नोंद नाही.

तो विधिवत सामुराई होता की केवळ सरदाराच्या पदरचा शस्त्रधारी सेवक होता, यावर इतिहासकारांचे मतभेद आहेत. ते असू द्यावेत. खेळात तर नोबुनागा येतो, हेर येतात, गुप्त संघटना येतात, शतकानुशतके चाललेली एक कपोलकल्पित लढाई येते. त्या सगळ्याला ज्यांनी ब्र काढला नाही त्यांना नेमक्या या एकाच माणसाच्या हुद्द्याचा दाखला हवासा वाटला, यातच सर्व काही आले. जपानातील लेखक कुरुसु योशिओ यांनी 1968 साली याच यासुकेवर मुलांसाठी पुस्तक लिहिले. जपानच्याच कोएई टेक्मो या कंपनीने 2017 च्या 'निओह' या खेळात आणि 2021 च्या 'सामुराई वॉरियर्स 5' मध्ये त्याला आणले. त्या वेळी आमच्या सभामंडपात कोणी जपानच्या अब्रूची काळजी वाहिली नव्हती. ती काळजी 2024 साली एकाएकी कोठून आली? ती जपानातून जितकी आली त्याहून अधिक अमेरिकेतून आली. तेथील गोऱ्यांचे आपसांतले भांडण फार जुने आहे. खेळांतील पात्रांवरून 2014 साली ते उघड्यावर आले आणि अजून मिटलेले नाही. त्या भांडणातील एका बाजूचे शिव्याशाप आमच्या माणसांनी आयते उचलले आणि धर्मरक्षण म्हणून देवळात आणले.

आणि आणले कोणी? गोव्याच्या माणसांनी! वालिन्यानो जपानला गेला तो आकाशातून नव्हे. लिस्बनहून निघून तो 1574 साली गोव्यात उतरला, आणि गोव्याहून मलाक्का व मकाव या मार्गाने पुढे गेला. यासुकेचा जन्म मोझांबिकचा मानला जातो. त्या किनाऱ्यावरून माणसे भरून आणणारी पोर्तुगीज गलबते गोव्याच्याच धक्क्यास लागत. लिन्सखोटेन हा डच मनुष्य 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिला. भर रस्त्यात गुलामांचा लिलाव चालत असे, ते त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या काळ्या माणसाला पाहून "हा येथे कसा?" असे आम्ही आज विचारतो, त्याच्यासारख्या हजारोंची वाट आमच्या मांडवी नदीवरून गेली आहे.

त्यांतले पुष्कळ पुढे गेलेच नाहीत. जे सुटले, पळाले, ते घाट चढून रानात शिरले. आज यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांत आणि बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात त्यांच्या वंशजांची वस्ती आहे. आम्ही त्यांना सिद्दी म्हणतो. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत; आणि घरात ते बोलतात ती भाषा कोकणीचाच एक प्रकार आहे. ज्या मासिकाच्या निम्म्या पानांवर कोकणी छापली जाते त्याच्या वाचकांनी या गोष्टीवर क्षणभर थांबावे. 2003 साली कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2020 साली शांताराम सिद्दी यांची कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमणूक झाली. तरी बेळगावच्या बाजारात सिद्दी मुलगा दिसला की त्यास "कोणत्या देशाचा रे तू?" असे विचारणारे लोक आम्ही स्वतः पाहिले आहेत. मुलगा त्यांना त्यांच्याहून चांगल्या कोकणीत उत्तर देतो!

देशावरच्या मंडळींनीही नामानिराळे राहू नये. मलिक अंबर इथिओपियात सुमारे 1548 साली जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि दख्खनेत येऊन निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने वसविलेली खडकी हीच पुढे औरंगाबाद व आताचे छत्रपती संभाजीनगर. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. उद्या कोणी सतराव्या शतकातील दख्खनेवर खेळ काढला आणि त्यात अंबरास नायक केले, तर आम्ही काय म्हणणार? महाराष्ट्राच्या गोष्टीत हबशी घुसवला असे म्हणणार? मग महाराष्ट्राच्या इतिहासातूनच त्याला काढावा लागेल, आणि भातवडीचे रणांगण अर्धे ओस पडेल.

रंगाविषयी आमचे स्वतःचे अंतःकरण स्वच्छ असते तर गोष्ट वेगळी. पंढरपूरची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. ज्याचे नावच काळा, असा कृष्ण आमचा देव आहे, आणि द्रौपदीचेही एक नाव कृष्णाच आहे. परंतु आमच्या दिनदर्शिकांवरचा, आमच्या दूरदर्शन-मालिकांतला आणि आता आमच्या भ्रमणध्वनीवरील खेळांतला कृष्ण पाहा: एक तर आकाशासारखा निळा, नाहीतर दुधासारखा गोरा. आणि त्याच्यापुढे उभा असलेला राक्षस? तो हटकून काळा. आमच्या दशावतारातला संकासुर काळी वस्त्रे घालून येतो, त्याला पाहून आम्ही लहानपणी घाबरलो आहोत आणि हसलोही आहोत. त्या जुन्या परंपरेस आम्ही दोष देत नाही, कारण तो संकासुर लोकांशी थट्टा करतो, तो गावचाच असतो. पण आजचे चित्रकार त्या संकासुराचा रंग घेतात आणि थट्टा सोडून देतात. ज्यांनी देवालाही उजळवून घेतले त्यांना दुसऱ्याच्या खेळातील काळा माणूस खुपावा, यात आश्चर्य नाही.

येथवर वाचून आमच्यापैकी जे स्वतःस पुरोगामी म्हणवितात ते मान डोलावू लागले असतील. त्यांनी थोडे थांबावे.

देवळाची तक्रार ही या सर्वांहून निराळी आहे. खेळ प्रसिद्ध होण्याआधी जी चित्रफीत बाहेर आली तीत खेळणारा एका शिंतो देवस्थानात शिरून देवापुढची मांडणी तलवारीने फोडताना दिसत होता. ते देवस्थान मनात कल्पिलेले नव्हते. ह्योगो प्रांतातील हिमेजी येथील इताते-ह्योझू हे ते देवस्थान, आजही तेथे पूजा चालते. 19 मार्च 2025 रोजी जपानच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीत कादा हिरोयुकी या सदस्यांनी हा प्रश्न काढला. खेळात जे करता येते त्याचे अनुकरण प्रत्यक्षात झाले तर काय, अशी त्यांची भीती होती. तत्कालीन पंतप्रधान इशिबा यांनी देवस्थान विटाळणे हा राष्ट्राचाच अपमान आहे अशा आशयाचे उत्तर दिले. कंपनीने खेळाच्या पहिल्याच दिवशी दुरुस्ती काढली; देवळांतील पाट-मांडण्या फुटेनाशा झाल्या, आणि रक्ताची दृश्येही कमी केली गेली.

या दुरुस्तीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अशा खेळातील प्रत्येक वस्तू, मग ती घागर असो, खांब असो की देव्हारा असो, कोणीतरी माणूस बसून रचतो. आणि तिच्यावर ती फुटेल की फुटणार नाही, याची खूण करतो. भिंत फुटत नाही, कारण भिंत फुटली तर खेळच कोसळेल. घागर फुटते, कारण घागर फोडण्यात मौज असते. तेव्हा क्वेबेकमधील कोणा एका मेजावर हा प्रश्न येऊन गेला होता की देवापुढचा पाट भिंतीच्या जातीचा की घागरीच्या? आणि उत्तर देण्यात आले की घागरीच्या. हे उत्तर कोणी दुष्टपणाने दिले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्या खोलीत असा एकही मनुष्य नसावा, किंवा असला तर त्याला विचारले गेले नसावे, ज्याच्या आजीने त्याला लहानपणी देवाच्या पाटाला पाय लागला म्हणून नमस्कार करावयास लावला होता. एवढीच उणीव. पण ही उणीव यासुकेच्या रंगाने भरून निघत नाही, आणि त्याच्या रंगामुळे निर्माणही झालेली नाही. तलवार नाओएच्या हाती असो की यासुकेच्या, पाट फुटत होता तो ज्याने फुटण्याची खूण केली त्याच्यामुळे.

अशा चुका या प्रकरणात आणखीही झाल्या. खेळाच्या जाहिरातीसाठी जी लहान मूर्ती विकावयास काढली होती तीत एका पायाची तोरी दाखविली होती. तोरी म्हणजे शिंतो देवस्थानाची कमान. एका पायावर उभी असलेली खरी तोरी नागासाकीस सान्नो देवस्थानात आहे. 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबाँबने तिचा दुसरा पाय नेला. शोभा म्हणून ती कोणीतरी उचलली. बोभाटा झाल्यावर मूर्ती मागे घेण्यात आली. एका जपानी हौशी मंडळाचे निशाण परवानगीवाचून चित्रात वापरले, त्याबद्दलही कंपनीला माफी मागावी लागली. आता आम्ही विचारतो: खेळात विविध वर्णांची पात्रे असावीत असा आग्रह धरणाऱ्या मंडळींनी या गोष्टींवर काय म्हटले? पुष्कळांनी काहीच म्हटले नाही. काहींनी तर देवस्थानाबद्दल बोलणाऱ्या जपान्यांनाही वर्णद्वेष्टे ठरवून मोकळे झाले. ज्या धर्माच्या पुजाऱ्याला विचारण्याची तसदी घेतली नाही त्याच्याच देशात आम्ही विविधता आणली, असे म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न खोटा आहे असे मात्र आमचे म्हणणे नाही. 2009 साली चार विद्वानांनी 150 लोकप्रिय खेळांतील पात्रांची मोजदाद केली. अमेरिकेच्या लोकसंख्येच्या मानाने गोरी पात्रे फार, स्पॅनिशभाषक वंशाची तीन टक्क्यांहूनही कमी, आणि ती व तेथील आदिवासी केवळ दुय्यम भूमिकांत, असे त्यांना आढळले. त्यानंतर सुधारणा झाली ती ओरड केल्यामुळेच झाली. आमच्या वाट्यास काय आले ते पाहावे. 1991 साली 'स्ट्रीट फायटर 2' या खेळात धाल्सिम नावाचा एक भारतीय योगी अवतरला. त्याच्या गळ्यात मुलांच्या कवट्यांची माळ, तो योगबळाने हात-पाय लांबवतो आणि तोंडाने आग ओकतो, पाठीमागे हत्ती. जगभरच्या मुलांच्या दोन पिढ्यांनी भारतीय मनुष्य म्हणून प्रथम पाहिला तो हाच. आणि त्याचे निर्माते कोण, तर जपानी, ज्यांच्या देवळासाठी आम्ही आताच भांडलो! अज्ञान काही एका वर्णाची मिरास नव्हे.

2017 साली 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' आला. हा खेळ आमच्याच सह्याद्रीत घडतो. होयसळांच्या राज्यात हरवलेला गणपतीचा दात शोधावयाचा आहे. दात कसा मोडला याची परशुरामाची कथा त्यात सांगितलेली आहे, आणि ती पुष्कळशी ठीक सांगितलेली आहे. परशुरामाच्या भूमीतील माणसास ती ऐकताना गंमत वाटते. नायिका क्लोई अर्धी भारतीय. तिची सोबतीण नदीन काळी दक्षिण आफ्रिकी. दोन्ही प्रमुख पात्रे सावळ्या वा काळ्या वर्णाच्या स्त्रिया, म्हणून खेळाची वाहवा झाली. पण क्लोईचा आवाज एका गोऱ्या ऑस्ट्रेलियन अभिनेत्रीचा आणि नदीनचा एका गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीचा! रंग आमचा, कंठ दुसऱ्याचा. आणि देवळे? ती सारी ओसाड, वेलींनी वेढलेली, कोडी सोडविण्याची यंत्रे. खरे बेलूर तेथून फार दूर नाही. तेथील चेन्नकेशवाची प्रतिष्ठापना 1117 ची. 2023 साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हटले. आणि तेथे आजही सकाळी अभिषेक होतो, घंटा वाजते, प्रसादास रांग लागते. परदेशी चित्रकारास आमचे देऊळ रम्य वाटते ते मेल्यावर. जिवंत देऊळ त्याला रंगवता येत नाही, कारण जिवंत देवळात पुजारी असतो आणि तो "पादत्राणे बाहेर" असे म्हणतो.

यावर आमच्यातले काही कर्मठ म्हणतील की मग देवाला खेळात आणूच नये. 2009 साली 'हनुमान: बॉय वॉरियर' हा खेळ निघाला, हैदराबादच्या कंपनीने केलेला, तेव्हा अमेरिकेतील राजन झेद यांनी हीच हरकत घेतली होती: देव भक्ताच्या ताब्यात असणे योग्य नव्हे, तो कळ दाबून नाचविण्याची वस्तू नव्हे. आम्ही या मताचे नाही. पिंगुळीचे ठाकर पिढ्यान्‌पिढ्या रामलक्ष्मणांच्या बाहुल्या बोटांनी नाचवीत आले. दशावतारी रात्री अंगावर विष्णू चढवतो आणि सकाळी तो उतरवून चहा पितो. देव हातात येण्याने बाटत नाही. तो हात कोणत्या घरातला, आणि बाहुली पेटीत ठेवताना तो कपाळाला लागतो की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळींनी 2020 साली 'राजी' हा खेळ काढला. जत्रेत खेळ करणारी एक गरीब मुलगी राक्षसांनी पळविलेल्या भावाला शोधीत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. या खेळासाठी 2017 साली लोकांकडे मागितलेली वर्गणी पुरी जमली नव्हती. तरी त्यांनी तो तडीस नेला, आणि त्या वर्षी जगातील उत्तम पहिल्या खेळांच्या मानांकनात त्याचे नाव लागले. त्यात उणिवा आहेत, पण देवळे रंगविताना हात थबकलेला दिसतो. ज्या वेळी ही मंडळी पैशांसाठी दारोदार जात होती त्या वेळी आमच्या देवस्थानांच्या तिजोऱ्या रिकाम्या नव्हत्या. कळसाला सोन्याचा पत्रा चढविण्याची वर्गणी आम्ही एका चतुर्थीत जमवितो. धर्मरक्षणाचा एवढा कळवळा आहे तर त्याचा काही अंश इकडे वळावा, ही मागणी आम्ही आमच्याच महाजनांपुढे ठेवतो, युबिसॉफ्टपुढे नव्हे.

त्यांना कथा शोधण्यास लांब जावे लागणार नाही. 1560 साली मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून निघाले, नदी ओलांडून प्रियोळास आले. त्याच दशकात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. मागे उरलेली देवळे 1567 पर्यंत जमीनदोस्त झाली. अंधार, भरती, पहाऱ्याची गलबते, होडीत वस्त्राखाली झाकलेला देव: याहून चांगला खेळ कोणत्या क्वेबेकमध्ये सुचणार आहे? आणि ज्यांची देवळे खरोखर फोडली गेली त्यांच्या नातवंडांनी तो रचला, तर देवापुढचा पाट फुटणाऱ्या वस्तूंत कोणी घालणार नाही.

हे सर्व आम्ही त्या सोमवारी थोडक्यात मंडपात बोललो होतो. तेव्हा तो मुलगा संगणक मिटवून पुढे आला आणि म्हणाला, "मग त्या होडीतला नावाडी सिद्दी असला तर चालेल?" देवाबरोबर कोण कोण होते याच्या कथा घराघरांत आहेत; वल्ही कोणाच्या हाती होती हे त्यांतल्या एकाही कथेत येत नाही. ज्या गृहस्थांनी यासुकेवरून एवढा गहजब केला होता ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नावाडी कोणीही असो. पण देवाला उचलताना त्याच्या पायांत वहाणा दिसता कामा नयेत."